डोहात राहिलेला ताग

चिंचवड,
१४ नोव्हेंबर १९५४

तीर्थरूप दादास,

रतनचा नमस्कार. तू आणि मंजुळावहिनी बरे असाल असं धरून चालते. आम्हीही बरे आहोत.

ह्यांच्याबरोबर रहाटावर काम करणारे दत्तोबा चाकणच्या बाजाराला आले होते, त्यांच्या हाती तू दिलेला दोर पोचला. हे कितीतरी वेळ दोरावर हात फिरवत बसले होते. म्हणाले, "मेव्हण्याच्या हातचा पीळ हाय. हत्ती बांधा." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

उगाच तुझ्या जिवाला घोर नको म्हणून इथलं सगळं तुला कळवलं नव्हतं. आता दोर आलाय, तर सांगते. स्टेशनापल्याड नवा कारखाना उभा राहतोय. त्याच्या विहिरीचं काम अर्जुनराव मुकादमाकडं आहे आणि हे तिथं सुरुंग लावतात. विहीर पाच पुरुष खोल गेली, म्हणजे माणसाच्या डोक्यावर माणूस अशी पाच उभी केली तरी वरच्याचा हात काठाला लागेल न लागेल. पाण्याचा पत्ता नाही, नुसता काळा पत्थर. हे फळीवर बसून एकटेच खाली उतरतात, भोकांत दारू ठासतात, वर हाक देतात, "लावतो रे!" आणि वात पेटवतात. मग रहाटावरचे गडी जीव खाऊन ओढतात. हे वर येऊन लांब पळाले की खाली धडाड.

दादा, एकदा वात पेटली की ह्यांच्याकडं दोराशिवाय दुसरं काही नसतं.

मुकादमाचा दोर काथ्याचा, कधीचा जुना.  हे कामावर गेले की मी धडाड ऐकू येईपर्यंत घास गिळत नव्हते, आणि ऐकू आल्यावरही हे दिसेपर्यंत गिळत नव्हते. म्हणून ह्यांच्यामागं लागले होते, की दादाकडनं तागाचा दोर आणा. आता तू वळलेल्या दोरावर हे खाली जातात. काल मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
रतन


२१ नोव्हेंबर १९५४

चि. सौ. रतन,

तुला आणि बबनरावांना आशीर्वाद. पत्र पोचलं. वाचून झाल्यावर परत वाचलं.

एक काम कर. तो दोर माघारी पाठव. तो चुकून तुमच्याकडं आला. आळंदीच्या एका धर्मशाळेच्या विहिरीसाठी मी तो वळला होता, आणि त्यांचा माणूस घरी येऊन बसला. बबनरावांना मी दुसरा देईन, ह्याहून जाड. तोवर त्यांनी काथ्याच्याच दोरावर उतरावं. काथ्या दिसायला वाईट असला तरी पाण्यापावसाला टिकतो. माझ्या दोरावर उतरू नये, कारण वापरलेला दोर धर्मशाळेवाले घेणार नाहीत.

मी स्वतः येऊन नेला असता, पण पाय जरा मुरगळलाय. काळजीचं कारण नाही. मंजुळा शेक देते आहे.

दोर कुणाबरोबरही पाठव, पण लगोलग पाठव. विसरू नको.

तुझा दादा,
कोंडीराम


चिंचवड,
२६ नोव्हेंबर १९५४

तीर्थरूप दादास,

नमस्कार. तुझं पत्र ह्यांनीच आधी फोडलं. मी भाकऱ्या थापत होते. ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हसायला लागले. म्हणाले, "बहिणीला दिलेली वस्तू कुणी माघारी मागतं व्हय? धर्मशाळेला सांग म्हणावं, दुसरा वळून देतो." दोर काही ते देणार नाहीत. मुकादमापुढं त्यांनी त्या दोराची इतकी तारीफ केलीय, की आता काढून नेला तर गडी हसतील.

मला मात्र हसू आलं नाही. खरं सांग, दादा, हे वहिनीचं सांगणं आहे ना? भाऊबीजेला मी आले नाही, ह्यांना सुट्टी मिळाली नाही, ते तिनं मनात धरलं असणार. माहेरचा एक दोर माझ्याकडं आला तर तिच्या डोळ्यांत खुपला. तू आळंदीची गोष्ट सांगितलीस, पण तुला खोटं बोलायला कधीच जमलं नाही. ते वाक्य वाचतानाच मला कळलं.

असो. इथं रोज सुरुंग चाललेत. मुकादमाला घाई आहे. दोर बघून त्याचा जीव इतका भांड्यात पडलाय, की आता ह्यांच्याबरोबर पहारीसुद्धा त्याच फेरीत वर ओढून घेतो.

एक विचारायचं होतं. दोर उन्हात घातला की माझ्या तळव्याला करडा भुसा लागतो. आणि आतला पदर काळपट दिसतो, बाहेरचा तेवढा पांढरा. नव्या दोराचं असं होतं का रे? ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "नवा हाय, म्हणून सुटतंय." परवा हे वर येताना दोर करकरला. सगळे गडी जागच्या जागी थांबले, आणि मग परत ओढायला लागले. मी तेव्हा भाकरी घेऊन गेले होते, म्हणून ऐकलं.

पाय कसा आहे?

रतन


२९ नोव्हेंबर १९५४

रतन,

बबनरावांना खाली उतरू देऊ नको. आधी हे कर, मग पुढचं वाच.

धर्मशाळा नाही, कुणी माणूस आलेला नाही. मंजुळेनं काही मनात धरलेलं नाही, उलट ती पहिल्या दिवसापासून सांगते आहे, की खरं लिहा.

दोर कुजक्या तागाचा आहे.

तुला ठाऊक आहे, ताग कापून, वाळवून डोहात बुडवतात. काडीवरची साल सुटायला लागली की बाहेर काढायचा. पाणी उबदार असलं की लवकर काढायचा, नाहीतर सालीबरोबर आतला धागा, वाखही कुजतो. बाबांनी हे मला किती वेळा दाखवलं होतं! ह्या वर्षी ताग बुडवला आणि मी भोसरीला कुस्त्या बघायला गेलो. एक दिवसाचं म्हणून गेलो आणि जोड चांगले निघाले म्हणून राहिलो. इकडं ऊन पडलं होतं. मंजुळेनं निरोप धाडला होता, "ताग काढायला या." मी म्हटलं, येतो. परत आलो तेव्हा डोहाचा वास लांबूनच आला. साल ओढायलाच लागली नाही, हात लावताच गळून पडली.

तेव्हाच फेकायला हवा होता. पण वर्षाचा सगळा ताग तोच. त्यात दत्तोबा तुझा निरोप घेऊन आले, की बबनरावांना दोर हवाय. नाही म्हणालो असतो, तर का ते सांगावं लागलं असतं. मी आतला पदर कुजक्या वाखाचा घातला आणि वर गेल्या सालचा उरलेला चांगला वाख गुंडाळला. जाड वळला. म्हटलं, निभेल.

दत्तोबा दोर घेऊन गेले, आणि चार-सहा दिवसांत आमच्या मोटेचा नाडा तुटला. तोही ह्याच वाखाचा. भरलेली मोट खाली गेली, बैल तोंडावर आपटले आणि मी मधे सापडलो. पाय मुरगळलेला नाही, मोडलाय. वैद्यानं कामट्या बांधल्यात. मला उठता येत नाही.

तरी तुला खरं लिहिलं नाही. बबनराव वाचतील, मुकादमाला कळेल, बाजारात बाबांच्या नावाचं काय होईल, हेच डोक्यात होतं. तुझं परवाचं पत्र आलं. तळव्याला भुसा लागतो म्हणून तू साधं विचारलंस, आणि मी लगेच कागद पुढं ओढला. तो भुसा म्हणजे दोर आतून संपत चाललाय. करकरला म्हणतेस तो आवाज मी मोटेवर ऐकलाय. त्यानंतर वेळ उरत नाही.

टपालावर माझा भरवसा नाही. मंजुळा हे पत्र घेऊन निघते आहे. चाकणपर्यंत चालत, पुढं एसटी, आणि भोसरीला उतरून परत चालत. ती पोचेपर्यंत मी इथं पडून काय करतोय, ते विचारू नको.

बबनराव ऐकणार नाहीत. त्यांना हे पत्र दाखव. नाहीच ऐकलं, तर कोयत्यानं दोर तोड. मग त्यांनी तुला मारलं तरी मार खा.

कोंडीराम


चिंचवड,
२ डिसेंबर १९५४

दादा,

हे जिवंत आहेत. आधी तेच लिहिते.

मंजुळावहिनी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दारात उभी राहिली, बोलायला दम नव्हता, नुसतं पत्र पुढं केलं. तिच्या पायाचे तळवे फुटले होते. चाकणला एसटी चुकली, तर दुसरीची वाट न बघता ती नाशिक रस्त्यानं चालतच सुटली होती. निम्म्या वाटेत कुणी बैलगाडीत घेतलं. आणि मी तिच्याबद्दल काय लिहून बसले होते!

तुझी पहिली ओळ वाचली आणि पत्र हातात घेऊनच पळाले. हे खालीच होते.

विहिरीवर पोचले तर दत्तोबा आणि बाकीचे रहाटाला हात लावून तयार. म्हणजे दारू ठासून झाली होती. मी ओरडले, "वात लावू देऊ नका! दोर कुजकाय!" मुकादम म्हणाला, "बाई, बाजूला व्हा." मी काठावर जाऊन वाकले आणि हाका मारल्या. खाली नुसता घुमारा होतो, शब्द कळत नाही. ह्यांना वाटलं, गडी तयार असल्याची हाक वरून आली. खालून आवाज आला, "लावतो रे!"

काय करावं सुचेना. गड्यांच्या पिण्याच्या पाण्याची घागर तिथं होती. ती उचलली आणि सगळी विहिरीत उपडी केली.

खालून ह्यांनी ज्या शिव्या दिल्या, त्या लिहीत नाही. काडेपेटी भिजली, वात भिजली. मी काठावरच बसले. 

मग खरी पंचाईत झाली. सगळ्यांना दोर कुजका असल्याचं सांगितलं, पत्रातल्या ओळी वाचून दाखवल्या, आणि मुकादम म्हणाला, "बरं. मग तुझा नवरा वर कसा आणायचा?" हे खाली, फळी खाली, आणि फळीला तोच दोर. वहिनी मागून लंगडत आली होती. ती म्हणाली, "तुमचा काथ्याचा कुठं हाय?" मुकादम कुरकुरला, पण दत्तोबांनी छपरामागून आणला. तो खाली सोडला. ह्यांनी फळी सोडून तो कमरेला बांधला. पायांनी भिंत रेटत वर आले. इंच इंच. मी बघितलं नाही, वहिनीनं माझं डोकं आपल्या पोटाशी धरून ठेवलं होतं.

वर आल्यावर हे माझ्याकडं असे आले, की आता मारणार. सगळ्यांसमोर शोभा झाली होती. "कोंडीरामाचा दोर कुजका? आण इकडं. मी परत उतरतो त्याच्यावर!" खरंच उतरत होते, दादा. फळी वर ओढून घेतली होती, तिच्यावर एक पाय ठेवलासुद्धा. मी एक हात धरला, वहिनीनं दुसरा. मुकादम म्हणाला, "बबनराव, थांबा. आधी दगड घालून बघू, मग बायकांना काय म्हणायचं ते म्हणा." फळीच्या जागी बुट्टी बांधली, खाली सोडली. एक गडी काथ्याच्या दोरावरनं खाली उतरला, त्यानं माणसाच्या वजनाएवढे दगड भरले आणि तो कपारीत सरकला. वर ओढायला लागले.

निम्म्यात आली बुट्टी. दोर ताणून तुटताना मोठा आवाज होतो ना? तसं काही झालं नाही. ओला कागद फाटावा तसं झालं. रहाटावरचे गडी मागं पडले, आणि मग खालून दगडांचा आवाज आला. खालचा गडी कपारीत होता, वाचला.

 ह्यांनी तुटलेलं टोक हातात घेतलं, बोटानं चुरलं. मग तिथंच मातीत बसले. 

घरी आल्यापासून हे जेवत नाहीत. विहिरीवर जायचं नाव काढलं की उठून बाहेर जातात. मुकादमानं वर मातीचं काम देतो म्हटलंय.  आज सकाळी चहा घेताना ह्यांनी विचारलं, "बाकीचा वाख त्यानं कुणाला विकला?"

ह्याचं उत्तर तू दे.

वहिनीला अजून दोन दिवस ठेवून घेते. तिच्या पायाला तेल लावून देते आहे. ती नको म्हणते, मी लावते.

रतन


२३ डिसेंबर १९५४

रतन,

बबनरावांच्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला एवढे दिवस लागले.

तुझं पत्र वाचलं तेव्हा आधी हात जोडले, की वाचले. आणि मग तो प्रश्न आला. मी तुमच्याच काळजीत होतो. बाजारात बसून दोन वेळा मी तो माल विकला होता, आणि इतके दिवस त्याची एकदाही आठवण झाली नाही. आठवण झाली, तेव्हा अंथरुणात उठून बसलो. बैलाचे कासरे, पोहऱ्याच्या दोऱ्या, गवताचे भारे बांधायचे दोर. कोण कुठल्या विहिरीवर वाकलं असेल, कुणाचा हात कुठं असेल, डोळ्यांसमोरून हलेना. मंजुळा म्हणाली, "चला बाजाराला. मी आधार देते."

कुबडी घेऊन बाजारात बसलो आणि ओरडलो, "दसऱ्यानंतर माझ्याकडून दोर नेला असेल तर माघारी आणा, माल कुजका हाय!" लोक हसले. ज्योतीराम तेली म्हणाला, "कोंडीबा, आपल्याच मालाची दवंडी पिटतोयस व्हय?" पण त्यानंच ओळखीच्यांना निरोप दिले. पुढच्या बाजाराला दोर यायला लागले. कुणाचा तुटला होता, कुणाचा नाही. एकाचा बैल सुटून ओढ्यात पाय मोडून बसला होता. त्यानं माझ्या अंगावर दोर फेकला. मी उचलून बाजूला ठेवला.

बहुतेक आले. मंजुळा म्हणाली, "ती पोर? पाळण्याला दोरी नेली ती?"

आठवलं, रतन. सोळा-सतरा वर्षांची सून, काखेत तान्हं. पाळण्याला म्हणून तिनं बारीक दोरी निवडून घेतली होती. "मऊ हाय, लेकराला लागणार न्हाई," म्हणाली होती. मऊ का होती, ते मला ठाऊक होतं. कुठल्या गावची ते मी विचारलं नव्हतं.

त्या दिवसांत रात्रंदिवस मला दुसरं काही दिसलं नाही. मंजुळेनं दत्तोबांबरोबर ह्या पोरीचा निरोप धाडला होता, आणि मग दारात बबनराव उभे. तू पाठवलंस की ते आपणहून आले, त्यांनी सांगितलं नाही. गाडी जुंपलेली होती. मला म्हणाले, "बसा." वाटेत मी एकदा म्हटलं, "बबनराव, मी तुमचा..." ते म्हणाले, "आधी पोर बघू."

भामा नदीच्या दोन्ही काठांनी फिरलो. प्रत्येक वस्तीवर तेच विचारायचं, तान्हं कुणाकडं आहे, चाकणहून दोरी कुणी आणली. कुठं पाळणा दिसला की मी आधी दोरी बघायचो. दुसऱ्या दिवशी एका वस्तीवर एक म्हातारी म्हणाली, "आक्काबाईच्या सुनेचं लेकरू पडलं म्हणं."

मी गाडीतून उतरूच शकलो नाही. बबनरावांनी काखेत हात घालून उतरवलं.

लेकरू जिवंत आहे, रतन. हात मोडलाय, कामट्या बांधल्यात, माझ्या पायाला आहेत तशा. पाळणा फार उंच बांधलेला नव्हता, आणि खाली गोधड्यांचा ढीग होता. आम्ही गेलो तेव्हा ते आजीच्या मांडीवर वाटीतलं दूध पीत होतं. सून कोपऱ्यात चुलीशी होती. तिच्या गालावर वळ होता, जुना आणि त्यावर नवा.

सासूनं, आक्काबाईनं, आम्हाला पाहुणे समजून बसायला घोंगडी दिली आणि आपणहूनच सांगायला लागली, "काय सांगू, दादा. हिला धड गाठ मारता येत न्हाई. पाळण्याची गाठ सुटली आन् लेकरू खाली. आता लेकराला हात लावू देत न्हाई मी हिला. अंगावर पाजायपुरतं देते."

मी उभा राहिलो. कुबडी घसरली, बबनरावांनी धरलं. म्हटलं, "आक्काबाई, गाठ सुटली न्हाई. दोरी तुटली. ती मी विकली. कुजकी व्हती, आन् मला म्हायती व्हतं."

आक्काबाईनं लेकरू छातीशी धरलं. मग उठली, आणि माझ्या तोंडावर जे बोलायचं ते बोलली. ते मी ऐकून घेतलं. तिचा मुलगा शेतातून आला, तो कुऱ्हाडीकडं वळला. बबनराव मधे उभे राहिले. ते एवढंच म्हणाले, "त्याच्या दोरावर मी पण उतरलो व्हतो." तो मुलगा का थांबला, मला अजून कळलेलं नाही.

सगळं शांत झाल्यावर ती सून, रंभा तिचं नाव, चुलीपासून उठून आली. सगळ्यांसमोर, पदर सारखा न करता. पाळण्याच्या कडीला दोरीचं तुटकं टोक अजून लोंबत होतं, वर गाठ तशीच. तिनं बोट करून मला विचारलं, "मंग गाठ माझी बराबर व्हती?"

"व्हय," मी म्हटलं. "पक्की हाय. बघ, अजून सुटली न्हाई."

"परत सांगा," ती म्हणाली. "ह्यास्नी ऐकू द्या."

मी परत सांगितलं. तेव्हा ती सासूजवळ गेली आणि काही न विचारता तिच्या मांडीवरचं लेकरू उचलून घेतलं. आक्काबाईनं हात मागं घेतले.

तुझा,
कोंडीराम